क्रॉनची स्क्रिप्ट एकाच वेळी दोनदा धावते: लॉक लावूनही परत येणारी अडचण

आमच्या दादरच्या ऑफिसात एक छोटा सर्व्हर आहे. औषधांच्या घाऊक व्यवहाराचा हिशेब त्याच्यावर चालतो. भिवंडीचं गोदाम आणि कल्याण, वाशी, बोरिवलीची विक्री केंद्रं यांच्याकडची बिलं दर ५ मिनिटांनी ओढून आणायची, साठ्यातून माल वजा करायचा आणि मेडिकलवाल्यांना बिलाचा एसएमएस धाडायचा, एवढं काम एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाईल, करते. ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारा लिनक्सचा क्रॉन हा प्रोग्रॅम ती सुरू करतो. एरवी ती ४० सेकंदांत मोकळी होते. जुलैतल्या एका रात्री पाऊस कोसळत होता, कल्याणची लाईन पार मंदावली आणि त्याच कामाला १७ मिनिटं लागली. ९ वाजता निघालेली प्रत ९:१७ ला संपली. तोवर ९:०५, ९:१० आणि ९:१५ च्या प्रती तिच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या त्याच अरुंद लाईनवरून तीच बिलं ओढत होत्या, त्यामुळे प्रत्येकीचा वेळ अजून लांबत गेला. १० वाजता मी घरून सर्व्हरवर शिरले तेव्हा ११ प्रती चालू होत्या.

मला कळलं ते मात्र सर्व्हरकडून नव्हे. गोदामातल्या काकांचा फोन आला. "ताई, एकाच बिलाचा माल कागदावर तिसऱ्यांदा उतरलाय. जागेवर खोके आहेत आणि स्क्रीनवर साठा उण्यात दाखवतोय."

त्या रात्रीपासून पुढचे काही महिने हीच अडचण वेगवेगळ्या वेशात माझ्याकडे परत परत आली. दर वेळी वाटायचं, आता मिटली. ती नेमकी का परत येते आणि कायमची कशी घालवता येते, ते इथे लिहिते आहे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर टाइप करताना त्या मूळ रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाकायच्या.

आधी खात्री करा, आजार हाच आहे का

लॉगमधल्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, "सुरू झालं" दोनदा आणि "संपलं" एकदाच, अर्धवट लिहिलेली फाईल दुसरं कोणीतरी वाचतं, सर्व्हरवरचा भार ठरावीक वेळी पायऱ्या चढल्यासारखा वाढतो. यातलं काहीही दिसलं तरी शंका घ्यायला हरकत नाही. पण पुरावा हवा. त्यासाठी स्क्रिप्टच्या प्रत्येक लॉग-ओळीच्या सुरुवातीला वेळ आणि पीआयडी, म्हणजे त्या चालू प्रोसेसचा क्रमांक, छापा. शेलमध्ये दोन डॉलर चिन्हं, $$, म्हणजे चालू स्क्रिप्टचा पीआयडी. एवढ्याशा बदलाने कुठली ओळ कुठल्या प्रतीची हे सरळ दिसतं. माझ्या लॉगमध्ये ते आधीपासून असतं, तर त्या रात्रीचा दीड तास वाचला असता.

आत्ता, या क्षणी काय चाललंय ते पाहायचं असेल तर चालू प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस ही आज्ञा:

पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,ईटाइम,आर्ग्स

यातला ईटाइम हा रकाना सोन्यासारखा आहे. कुठली प्रत किती वेळ चालू आहे, ते तो सांगतो. ४० सेकंदांच्या कामापुढे ५० मिनिटांचा आकडा दिसला की पुढचं शोधायला वेळ लागत नाही.

कारण अगदी साधं आहे. क्रॉन घड्याळ बघतो, माणसं मोजत नाही. ५ मिनिटं झाली की तो स्क्रिप्ट सुरू करून मोकळा होतो. आधीची प्रत संपली का, हे विचारणं त्याचं कामच नाही. म्हणून तो बंदोबस्त आपल्यालाच स्क्रिप्टमध्ये करावा लागतो.

पहिले तीन उपाय, आणि ते का पुरले नाहीत

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच. पीएसच्या यादीत ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेने स्क्रिप्टचं स्वतःचं नाव शोधायचं आणि सापडलं तर परत फिरायचं. पण या शोधात ग्रेप स्वतःच सापडतो. क्रॉन ज्या छोट्या शेलमधून स्क्रिप्ट चालवतो, त्याच्या आज्ञेतही तेच नाव असतं. कोणी तीच फाईल व्हीआय या एडिटरमध्ये उघडून बसलं असेल तर तेही मोजणीत येतं. पीग्रेप -एफ वापरलं तर ग्रेप तेवढा गळतो, बाकीचं तसंच राहतं. आमच्याकडे एका सहकाऱ्याने स्क्रिप्ट वाचायला म्हणून उघडून ठेवली आणि तो जेवायला गेला. पाऊण तास एकही बिल आलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे खुणेची फाईल. फाईल असेल तर बाहेर पडायचं, नसेल तर ती तयार करून कामाला लागायचं, काम झालं की पुसायची. दिसायला हा उपाय नीटनेटका आहे आणि मी तो बरेच दिवस वापरला. त्यातली खोट समजावून सांगायला मला चाळीतलं सामायिक न्हाणीघर फार उपयोगी पडतं. आमच्या गिरगावातल्या मजल्यावर पद्धत अशी होती की दारावर पंचा दिसला की आत कोणीतरी आहे. आता दोन बिऱ्हाडांतली दोन माणसं एकाच वेळी व्हरांड्याच्या दोन टोकांनी निघाली, दोघांनी लांबूनच दारावर पंचा नाही हे पाहिलं, आणि दोघंही निघाली. पाहणं आणि पंचा टाकणं यांच्यामध्ये जी दोन पावलं आहेत, तिथेच घोटाळा आहे. स्क्रिप्टमध्ये ही दोन पावलं काही मिलिसेकंदांची असतात, म्हणून चाचणीत ती कधी सापडत नाहीत आणि भार वाढला की नेमकी सापडतात. डोळ्यांनी बघायचं असेल तर तपासणी आणि फाईल तयार करणं यांच्यामध्ये ५ सेकंदांची स्लीप घाला आणि दोन टर्मिनलवरून स्क्रिप्ट सोडा. दोन्ही आत शिरतात.

दुसरी खोट याहून जास्त नुकसान करते. अंघोळ करून गेलेला माणूस पंचा तसाच विसरून गेला, तर सगळी चाळ रिकाम्या न्हाणीघराबाहेर उभी. आमचा यूपीएस एकदा मध्यरात्री बसला, सर्व्हर धाडकन बंद पडला, आणि खुणेची फाईल डिस्कवर राहून गेली. वीज आली, सर्व्हर उठला, क्रॉन इमानाने दर ५ मिनिटांनी स्क्रिप्ट सोडत राहिला आणि प्रत्येक प्रत ती फाईल बघून गुपचूप बाहेर पडत राहिली. एक अख्खा शनिवार-रविवार असाच गेला.

ट्रॅप (स्क्रिप्ट थांबताना ठरलेली आज्ञा चालवणारी शेलची सोय) लावून स्क्रिप्ट संपताना फाईल पुसता येते, आणि कंट्रोल-सी किंवा साधा किल (प्रोसेस थांबवण्याची आज्ञा) यांच्यासाठी तो पुरतोही. पण किल -९ हा संकेत कुठल्याच प्रोसेसला पकडता येत नाही, आणि वीज गेली तर ट्रॅप चालवायला कोणी उरतच नाही.

म्हणून तिसरा उपाय: फाईलमध्ये पीआयडी लिहून ठेवायचा आणि पुढच्या प्रतीने किल -० ने तो जिवंत आहे का ते पाहायचं. यात अडचण अशी की पीआयडी पुन्हा वाटले जातात. लिनक्सवर वर्षानुवर्षं त्यांची मर्यादा ३२७६८ होती. आजकालच्या ६४ बिट यंत्रांवर ती बहुधा ४१९४३०४ असते, पण रीबूटनंतर मोजणी पुन्हा लहान आकड्यांपासूनच सुरू होते. काल तुमच्या स्क्रिप्टला मिळालेला आकडा आज डेटाबेसच्या एखाद्या प्रोसेसकडे असतो, किल -० म्हणतो "जिवंत आहे", आणि स्क्रिप्ट परत फिरते. शिवाय शिळी फाईल पुसून नवी लिहिताना पाहणं आणि करणं यांच्यातली तीच दोन पावलं पुन्हा येतात.

एमकेडीआयआर वापरून फाईलऐवजी फोल्डर तयार करणं यापेक्षा बरं. फोल्डर आधीच असेल तर ती आज्ञा अपयशी ठरते, आणि पाहणं व करणं हे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) आत एकाच झटक्यात होतं. दोघांपैकी एकालाच ते मिळतं. शेलमधला सेट -सी हा, असलेल्या फाईलवर पुन्हा लिहू न देणारा पर्यायही तशीच हमी देतो. ज्या यंत्रावर फ्लॉक (पुढे येणारी लॉकची आज्ञा) नाही, उदाहरणार्थ मॅक, तिथे मी एमकेडीआयआरच वापरते. पण विसरलेल्या पंच्याचा प्रश्न दोन्हींत तसाच राहतो.

कडी आतून लागली पाहिजे

न्हाणीघराचा खरा उपाय पंचा नव्हताच, आतली कडी होती. आत माणूस असेल तरच ती लागलेली असते. माणूस बाहेर आला म्हणजे ती निघालेलीच असणार, कोणी विसरू शकत नाही. लिनक्समध्ये ही कडी म्हणजे फ्लॉक. युटिल-लिनक्स या संचात ही आज्ञा येते आणि जवळपास प्रत्येक लिनक्सवर आधीच बसवलेली असते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळी:

एक्झेक ९>>/व्हार/लिब/साठा/मेळ.लॉक
फ्लॉक -एन ९ || एक्झिट ७५

पहिली ओळ फाईल उघडते आणि तिला ९ हा डिस्क्रिप्टर क्रमांक देते. दुसरी ओळ त्या उघड्या फाईलवर कडी लावायला कर्नलला सांगते. -एन म्हणजे थांबू नकोस, मिळत नसेल तर लगेच अपयश कळव. मग आपण ७५ या कोडने बाहेर पडतो. युनिक्सच्या जुन्या संकेतानुसार ७५ म्हणजे "तात्पुरतं जमलं नाही, नंतर बघा". १ वर बाहेर पडलात तर खरी चूक आणि नुसती गर्दी यांतला फरक लॉगमधून कळत नाही.

इथे फाईल अस्तित्वात आहे की नाही याला काही अर्थ नाही. ती कायम तिथेच पडून राहणार. कडी फाईलवर आहे असं आपण बोलतो, पण खरं तर ती उघडलेल्या हँडलला (त्या ९ क्रमांकामागच्या उघड्या फाईलला) चिकटलेली असते आणि तिची नोंद कर्नलच्या स्मृतीत असते. स्क्रिप्ट नीट संपो, कोसळो, किल -९ ने जावो किंवा अख्खं यंत्र बंद पडो, हँडल बंद झालं की कडी निघाली. त्या शनिवार-रविवारसारखा प्रकार इथे संभवतच नाही.

थांबायचं की परतायचं, हे कामावर ठरवा. दर ५ मिनिटांनी येणाऱ्या कामाला -एन योग्य, कारण पुढची फेरी येतेच आहे. रात्री एकदाच होणाऱ्या बॅकअपला मात्र -डब्ल्यू आणि सेकंदांचा आकडा द्या, म्हणजे तो तेवढा वेळ वाट पाहील. दोन्ही न देता नुसतं फ्लॉक ९ लिहिलंत तर प्रत अनंत काळ रांगेत उभी राहते, आणि क्रॉन रांग वाढवत राहतो. ११ प्रतींच्या जागी ११ वाट पाहणाऱ्या प्रती दिसतात, एवढाच फरक.

फ्लॉक लावूनही पुन्हा तेच होतंय?

खरी मेहनत इथून पुढे लागली. दोन ओळी टाकल्या, निर्धास्त झाले, आणि अडचण परत आली. एकदा नव्हे, अनेकदा.

सगळ्यात आधी आलेली चूक: "२००: आज्ञा सापडली नाही". जुन्या उदाहरणांत ९ च्या जागी २०० हा आकडा असतो. बॅशमध्ये तो चालतो. पण डेबियन आणि उबुंटूवर साध्या एसएच या नावामागे डॅश हा शेल असतो, आणि तो रीडायरेक्शनमध्ये एकच अंक ओळखतो. २०० ला तो आज्ञेचं नाव समजतो. टर्मिनलवर बॅश असतो म्हणून हाताने सगळं चालतं, क्रॉन मात्र एसएच वापरतो. एक अंकी आकडा घ्या, किंवा पहिल्या ओळीत बॅश असल्याची खात्री करा आणि स्क्रिप्ट एसएच लावून चालवू नका.

मग फाईलचा पत्ता. मी सुरुवातीला नुसतं मेळ.लॉक लिहिलं होतं, पूर्ण पत्ता नव्हता. क्रॉन स्क्रिप्ट होम फोल्डरमधून चालवतो आणि मी हाताने ती प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवत होते. दोन वेगळ्या फाईली, दोन वेगळ्या कड्या, आणि दोन प्रती आपापल्या न्हाणीघरात निवांत. पत्ता कायम मुळापासून लिहा.

/टेम्प मध्येही लॉक ठेवू नका. ते फोल्डर वेळोवेळी झाडलं जातं, आणि तिथे कोणीही काहीही तयार करू शकतो. शिवाय लिनक्स ४.१९ पासून एक संरक्षण आलं आहे. ते चालू असेल तर अशा सामायिक फोल्डरमध्ये दुसऱ्या वापरकर्त्याने बनवलेली फाईल लिहिण्यासाठी उघडताना रूटलासुद्धा (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) परवानगी नाकारली जाऊ शकते. रूट असून "परवानगी नाही" हे वाचून मी पहिल्यांदा डिस्क खराब झाली की काय, असं धरून चालले होते. स्क्रिप्ट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच्या मालकीचं एक वेगळं फोल्डर करा आणि लॉक तिथेच ठेवा.

काही जण लॉकसाठी वेगळी फाईल न करता स्क्रिप्टच्या फाईलवरच कडी लावतात. कल्पना चांगली आहे, पण बरेच एडिटर आणि गिटसारखी साधनं फाईल बदलताना जुनी बाजूला करून त्याच नावाची नवी ठेवतात. नाव तेच, आतला आयनोड (डिस्कवरची फाईलची खरी नोंद) वेगळा. चालू असलेली प्रत जुन्या आयनोडची कडी धरून बसते, आणि तुम्ही दुपारी दुरुस्ती चढवताच पुढची प्रत नव्या आयनोडवर बिनदिक्कत कडी लावते.

अगदी याच कारणाने काम संपल्यावर लॉकची फाईल पुसू नका. जुनी सवय असल्याने ही ओळ माझ्या स्क्रिप्टमध्ये राहून गेली होती. पहिली प्रत काम संपवतेय, दुसरीने तीच फाईल उघडून ठेवलीय आणि ती थांबलीय, पहिलीने फाईल पुसली आणि ती संपली. दुसरीला कडी मिळाली, पण ती आता बिननावाच्या फाईलवर. तेवढ्यात तिसरी आली, तिला त्या पत्त्यावर फाईलच दिसली नाही, तिने नवी बनवली आणि तिच्यावर कडी लावली. दुसरी आणि तिसरी दोघी आत. रिकामी फाईल डिस्कवर राहिली तर काही बिघडत नाही. राहू द्या.

उघडताना मी दोन बाणांची खूण वापरली आहे, एक नाही, ती जाणीवपूर्वक. एका बाणाने फाईल उघडताक्षणीच रिकामी होते, कडी मिळण्याच्याही आधी. तुम्ही माहितीसाठी तिच्यात पीआयडी लिहून ठेवत असाल, तर परत फिरणारी प्रत तो पुसून जाईल.

आता मला सगळ्यात जास्त छळलेला प्रकार. फ्लॉक लागून तीन आठवडे झाले होते आणि एका सकाळपासून प्रत्येक प्रत ७५ देऊन परतू लागली. पीएसमध्ये मात्र स्क्रिप्टची एकही प्रत नाही. कडी लागलेली, आत कोणीच नाही. हे शक्य नाही असंच मी स्वतःला सांगत होते. /प्रॉक/लॉक्स या कर्नलच्या कड्यांच्या यादीत एक पीआयडी दिसला, पण तशी प्रोसेसच अस्तित्वात नव्हती. कारण तिथे कडी लावणाऱ्याचा आकडा असतो, आणि ती लावली होती फ्लॉक या छोट्या आज्ञेने, जी लावून लगेच संपलेली. हँडल कोणाच्या हातात आहे हे विचारायचं असतं:

फ्यूजर -व्ही /व्हार/लिब/साठा/मेळ.लॉक

उत्तर आलं, एसएमएसची पोच गोळा करणारा आमचाच एक छोटा प्रोग्रॅम. मधे कधीतरी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली होती की तो बंद दिसला तर नोहपने (स्क्रिप्ट संपली तरी चालू ठेवणाऱ्या आज्ञेने) पार्श्वभूमीत सुरू कर. पोटातल्या प्रत्येक प्रोसेसला पालकाची उघडी हँडलं वारशाने मिळतात. त्यालाही ९ मिळालं. स्क्रिप्ट संपली, तो चालूच राहिला आणि कडी त्याच्या हातात राहिली. उपाय एका शब्दाएवढा: त्याला सुरू करताना ओळीच्या शेवटी, पार्श्वभूमीत धाडणाऱ्या & चिन्हाच्या आधी, ९>&- लिहायचं, म्हणजे ९ त्याच्यापुरता बंद.

वारसा हा दोष आहे असं मात्र समजू नका. स्क्रिप्टची मुख्य प्रोसेस कोणी मारली आणि तिने सुरू केलेला आरसिंक अजून फाईली ओढतोय, तर काम चालूच आहे. अशा वेळी कडी लागलेली राहणंच योग्य. म्हणून सरसकट सगळ्यांचं ९ बंद करू नका, जे स्क्रिप्टपेक्षा जास्त जगणार आहेत त्यांचंच करा.

स्क्रिप्टला हात न लावता क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीतच फ्लॉक -एन, लॉकचा पत्ता आणि मग स्क्रिप्ट असंही लिहिता येतं. दुसऱ्याने दिलेल्या प्रोग्रॅमसाठी मी तेच करते. स्वतःच्या स्क्रिप्टसाठी कधीच नाही, कारण मग हाताने चालवणारा कडी न लावताच आत शिरतो. फ्लॉकची कडी सल्ल्यापुरती असते, हे विसरू नये. जो विचारतो त्यालाच ती अडवते. जो विचारतच नाही, त्याला फाईल वाचण्या-लिहिण्यापासूनही ती रोखत नाही.

यंत्रं दोन असली तर

आमचा पर्यायी सर्व्हर अंधेरीला उभा केला तेव्हा दादरची क्रॉनटॅब जशीच्या तशी तिथे उतरवली गेली. दोन यंत्रं, दोन कर्नल, फ्लॉक दोन्हीकडे यशस्वी. बिलं पुन्हा दुहेरी. लिनक्स २.६.१२ पासून एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून सामायिक केलेल्या डिस्कवरच्या) फाईलवर लावलेली फ्लॉकची कडी सर्व्हरपर्यंत पोचते, पण नेटवर्क डळमळीत असताना मला तिच्यावर हिशेब सोपवायचा धीर झाला नाही. जिथे बिलं जातात त्या डेटाबेसलाच कडी मागणं जास्त सरळ आहे. पोस्टग्रेसमध्ये पीजी_ट्राय_अ‍ॅडव्हायझरी_लॉक, मायएसक्यूएलमध्ये गेट_लॉक. दोन्ही कड्या जोडणीला बांधलेल्या असतात, जोडणी तुटली की निघतात. शेलमधून वापरताना लोक इथेच फसतात. एका पीएसक्यूएल आज्ञेने कडी मागितली, ती आज्ञा संपली, जोडणी तुटली, कडी निघाली, आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. कडी आणि काम एकाच जोडणीत असायला हवं.

आणि हे इथेच सांगते, कारण माझ्या मते ते लॉकपेक्षाही महत्त्वाचं आहे: बिल क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक बंधन (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारं) घाला. त्या जुलैच्या रात्री ते असतं, तर ११ प्रती धावूनही साठा एकदाच वजा झाला असता. लॉक गर्दी थांबवतो, दुहेरी नोंद थांबवणं डेटाबेसचं काम आहे.

लॉक नीट लागला की दिसणारी पुढची अडचण

काम वेळेपेक्षा लांबतंय, हा मूळ आजार. लॉक तो झाकतो. आधी ११ प्रती दिसत होत्या, आता एकच प्रत अडकून बसते आणि बाकीच्या शांतपणे परततात. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि बिलं येत नाहीत.

आमच्याकडे अडकण्याचं कारण बहुतेक वेळा लाईन असायचं. समोरची बाजू निरोप न देता गायब झाली, तर वाचत बसलेली प्रोसेस तासन्‌तास वाट पाहू शकते. आरसिंकचा टाइमआउट मूळ मांडणीत ० असतो, म्हणजे मर्यादाच नाही. एसएसएचचा (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा) सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल, म्हणजे समोरच्याला हाक मारण्यामधलं अंतर, तेही ०. मी आरसिंकला १२० सेकंद दिले, एसएसएचला १५ सेकंदांचा इंटरव्हल दिला, आणि तीन हाकांना ओ मिळाली नाही तर जोडणी तोडायची, हे त्यात आधीपासून असतंच. त्यावर अख्ख्या ओढण्याच्या कामाभोवती टाइमआउट ही आज्ञा गुंडाळली:

टाइमआउट -के ३०एस २०एम

२० मिनिटं झाली की ती सभ्यपणे थांबायला सांगते, आणखी ३० सेकंदांनी जबरदस्तीने मारते. वेळ संपून थांबलं तर कोड १२४ मिळतो. लॉगमध्ये १२४ दिसला की लाईन, ७५ दिसला की गर्दी, एवढी ओळख आता ऑफिसातल्या नव्या मुलांनाही झाली आहे. एनएफएस लटकल्यामुळे अडकलेली प्रोसेस मात्र किल -९ लाही लगेच दाद देत नाही. तिथे आधी माउंट दुरुस्त करावं लागतं.

दुसरी गोष्ट, शेवटचं यश कधी झालं याची नोंद. काम पूर्ण झालं की स्क्रिप्ट एका फाईलला टच करते, म्हणजे तिच्यावरची वेळ आत्ताची करते, आणि एक वेगळी चिमुकली तपासणी ती फाईल ३० मिनिटांपेक्षा जुनी दिसली तर मला मेसेज पाठवते. ही तपासणी मुख्य स्क्रिप्टच्या आत ठेवू नका. जी अडकली आहे, तीच "मी अडकले" असं कळवू शकत नाही.

नवीन कामांसाठी मी आता क्रॉनऐवजी सिस्टमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा टायमर वापरते. एक सर्व्हिस चालू असताना तिचा टायमर पुन्हा वाजला तरी दुसरी प्रत उभी राहत नाही, आणि सर्व्हिस संपली की तिची मागे राहिलेली पोरंही मारली जातात, म्हणजे वारशाचा वरचा घोळ तिथे होत नाही. एकच काळजी, वनशॉट (एकदा काम करून संपणाऱ्या सर्व्हिसच्या) प्रकाराला मूळ मांडणीत वेळेची मर्यादा नसते, टाइमआउट-स्टार्ट-सेक स्वतः लिहावा लागतो. आणि कोणी स्क्रिप्ट थेट हाताने चालवली तर सिस्टमडीला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून फ्लॉकच्या दोन ओळी मी तरीही ठेवते.

चाचणी

लॉकच्या ओळींनंतर तात्पुरती ६० सेकंदांची स्लीप घाला. पहिल्या टर्मिनलवर स्क्रिप्ट सोडा, दुसऱ्यावर पुन्हा सोडा. दुसरी क्षणात परतली पाहिजे आणि डॉलर-प्रश्नचिन्ह, $?, विचारल्यावर ७५ यायला हवेत. तीच चाचणी वेगळ्या फोल्डरमधून करा. क्रॉनच्या फेरीची वाट बघून तिच्याशीही करा, कारण शेल, वापरकर्ता आणि फोल्डर हे तिन्ही तिथेच बदलतात.

मग पहिल्या प्रतीला किल -९ द्या आणि लगेच दुसरी सोडा. ती पुन्हा ७५ देऊन परतली तर घाबरू नका. स्लीप ही वेगळी प्रोसेस आहे, तिच्याकडे ९ वारशाने आलंय आणि ती अजून जिवंत आहे. फ्यूजरने पाहा, स्लीपच दिसेल. तिलाही किल -९ द्या आणि फाईल न पुसता, काही न आवरता स्क्रिप्ट पुन्हा सोडा. या वेळी ती सरळ आत जाते.